व्याज हातात घ्यावं की मुद्दलात जाऊ द्यावं?

धुऱ्यावरचा मास्तर

मंडळी, घरात आठ दिवसांपासून एकच वाद चालू आहे, म्हणून इथं मांडतो.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. रस्ता रुंद झाला त्यात आमची धुऱ्याकडची पट्टी गेली आणि मोबदल्याचे ५ लाख बाबांच्या खात्यात आले. बाबा ६७ वर्षांचे. उरलेलं चार एकर कोरडवाहू अजून स्वतःच पाहतात. त्यांचं म्हणणं असं की पैसे कुठंही ठेव, पण व्याज हातात आलं पाहिजे. मी म्हणतो, व्याज मुद्दलातच जाऊ द्या, दहा वर्षं त्याला हातच लावू नका.

मी आठवीला चक्रवाढ व्याज शिकवतो, त्यामुळे बाबांनाही वहीवर मांडून दाखवलं. ७ टक्के धरले. व्याज दरवर्षी काढलं तर वर्षाला ३५,००० येतात, पहिल्या वर्षी तेवढेच आणि विसाव्या वर्षीही तेवढेच. दहा वर्षांचा एकूण हिशेब ८ लाख ५० हजार. व्याज मुद्दलात टाकत गेलो तर पहिल्या वर्षी ३५,०००, दुसऱ्या वर्षी ३७,४५०, तिसऱ्या वर्षी ४०,०७१ आणि दहाव्या वर्षी एकट्या त्या वर्षाचं व्याज ६४,३४६. दहा वर्षांनी ९,८३,५७६ होतात. वीस वर्षांनी एकीकडे १२ लाख, दुसरीकडे १९ लाख ३४ हजार. तीस वर्षांनी साडेपंधरा लाख आणि ३८ लाख.

बाबांनी आकडे बोट फिरवत वाचले, वही मिटली आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पण व्याज हातातच पाहिजे." कारण विचारलं तर उठून गोठ्यात गेले.

मी कुठं चुकतोय? तुम्ही काय केलं असतं?

संत्र्याची बाग

वडील ६७ चे आहेत. तीस वर्षांनंतरचा आकडा त्यांना दाखवायचाच कशाला?

गणितवाली

मास्तर, आकडे बरोबर आहेत. पण नुसते आकडे पाहून ही गोष्ट मनात उतरत नाही, म्हणून थोडं लिहिते.

सरळ वाढीत दरवर्षी तेवढीच भर पडते. चक्रवाढीत दरवर्षी तेवढ्याच पटीनं गुणलं जातं. सुरुवातीला बेरीज आणि गुणाकार इतके जवळून चालतात की वेगळे ओळखू येत नाहीत. तुमचीच रक्कम घ्या. पाच वर्षांनी सरळ हिशेबात ६,७५,०००, चक्रवाढीत ७,०१,२७६. पाच वर्षं थांबून फरक किती, तर २६ हजार. बहुतेक माणसं इथंच म्हणतात की एवढ्यासाठी कोण अडकून बसणार. दहाव्या वर्षी तोच फरक १ लाख ३३ हजार होतो, विसाव्या वर्षी ७ लाख ३४ हजार.

तोंडी हिशेबासाठी ७२ ला व्याजदरानं भागावं, तेवढ्या वर्षांत रक्कम दुप्पट होते. ८ टक्क्यांना ९ वर्षं, ६ टक्क्यांना १२. आणि बँका मुदत ठेवीवर साधारणपणे तिमाही चक्रवाढ देतात, त्यामुळे तुमचे ५ लाख ७ टक्क्यांनी दहा वर्षांत १० लाखांच्या थोडे वरच जातील.

एक गंमत आठवीच्या मुलांनाही घालून पाहा. १२ टक्के सरळव्याज आणि ८ टक्के चक्रवाढ, यांत जास्त काय? दहाव्या वर्षापर्यंत १२ टक्केवाला पुढे असतो. शंभराचे २२०, तर ८ टक्केवाल्याचे २१६. अकराव्या वर्षी ८ टक्केवाला मागून येऊन पुढे जातो, आणि त्यानंतर पुन्हा मागं पडत नाही.

पऱ्हाटीवाला

गुर्जी, तुमचं गनित खरं हाये, पन आमाले ते पुस्तकातून नाई कळलं, बोंडअळीनं शिकवलं. २०१७ ची गोष्ट. कामगंध सापळ्यात दोन पतंग दिसले. म्या म्हनलं दोन पतंगानं काय होते? आठ दिवसानं पायलं त चार-पाच. कृषी सहायक सांगून गेला होता का सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले का फवारा मारा. म्या रोज पायत रायलो, आकडा लहानच दिसे. एक मादी शंभरावर अंडे घालते आन महिन्याभरात पिढी तयार होते, हे डोक्यात नाई आलं. दिवाळीच्या आंदी दहा बोंडं फोडून पायले, सात किडके. वरून झाड हिरवंगार उभं होतं.

तवापासून कोनी मले म्हनलं का "आता त थोडंसच हाये", त म्या ईचारतो का बावा, ते थोडंसं कशानं वाढून रायलं ते आधी सांग.

गणितवाली

पऱ्हाटीवाले भाऊ, हे उदाहरण मी वर्गात सांगणार, तुमची परवानगी समजते.

पऱ्हाटीवाला

सांगा नं ताई. आमच्या नुकसानातून पोट्टे शिकले त बरंच हाये.

बेरारी शेळी

अळीचं सांगितलं, मी शेळीचं सांगते. माहेरून दोन बेरारी शेळ्या घेऊन आले होते. गाभणकाळ पाच महिने, दोन वर्षांत तीन वेत, वेताला एक नाहीतर दोन पिल्लं. पाटी झाली की ठेवायची, बोकड झाला की विकायचा. चार वर्षांत दावणीला एकोणीस शेळ्या होत्या. सासरे म्हणायचे, शेळीचं व्याज बोकडात मिळतं आणि मुद्दल पाटीत वाढतं. बँकेनं इतकं दिलं असतं का?

मोर्शीकर

ताई, मग आज दोनशे असायला पाहिजेत. आहेत का?

बेरारी शेळी

नाहीत. बावीस आहेत. एकोणिसाच्या पुढे चाराच पुरेना. उन्हाळ्यात गावरानात काही उरत नाही, पाला तोडायला माणूस लागतो. मग एका पावसाळ्यात पीपीआर रोगाच्या साथीनं सात दगावल्या. आता वीस-बावीसच ठेवते, वरच्या सगळ्या विकते. वर्षाला ठरलेले पैसे येतात. म्हणजे मास्तर म्हणतात तसं, आता माझं सरळव्याजच झालं की.

गणितवाली

फार नेमकं सांगितलंत ताई. जिवंत वस्तू तशी कायम वाढत नाही. चारा, जागा, रोग कुठंतरी अडवतात आणि चढती रेषा आडवी होते. पैशाला चारा लागत नाही म्हणून कागदावर ती रेषा चढतच राहते. पण कागदाच्या बाहेर पैशालाही अडवणारं असतंच: मधेच मोडलेली ठेव, बुडालेली संस्था, महागाई.

ठेवपावती

बुडालेल्या संस्थेचं मी सांगतो. आमच्या तालुक्याच्या गावी एक पतसंस्था होती, नाव लिहीत नाही. बँक ७ देत होती तेव्हा ही १२ टक्के द्यायची. आईनं शिवणकामाचे साठवलेले १ लाख ८० हजार तिथं ठेवले, दर वर्षी व्याज मुद्दलात. सहाव्या वर्षी पावतीवरचा आकडा साडेतीन लाखांच्या वर गेला होता. आई ती पावती तांदळाच्या डब्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायची, सणाला काढून पुन्हा वाचायची. सातव्या वर्षी शटर खाली. आजपर्यंत हातात आले ४० हजार.

व्याज दर महिन्याला काढलं असतं तर निदान तेवढं तरी सुटलं असतं. म्हणून बाबांचं म्हणणं मला एकदम चुकीचं वाटत नाही. चक्रवाढीत वाढलेलं सगळं शेवटच्या दिवसापर्यंत दुसऱ्याच्या हातात असतं.

आणि हे सगळ्यांनी नीट लक्षात ठेवा. बँकेतल्या ठेवीला २०२० पासून ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, सहकारी बँकेलासुद्धा. पतसंस्थेला ते नाही. आणि हे ५ लाख मुद्दल आणि व्याज मिळून, एका माणसाला एका बँकेत. मास्तर, तुमचे ५ लाख एकाच बँकेत मुद्दलात वाढवत ठेवले तर पहिल्या वर्षीचं व्याजच संरक्षणाच्या बाहेर जाईल. दोन बँकांत वाटा.

धुऱ्यावरचा मास्तर

ठेवपावती, वाचून वाईट वाटलं. दोन बँकांचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मनापासून आभार.

दुप्पटवाला नको

"पैसे दुप्पट" म्हणत दारात येणाऱ्यांपासून सांभाळा. आमच्याकडे एक जण आला, म्हणे ९ वर्षांत दुप्पट, म्हणजे वर्षाला ११ टक्क्यांच्या वर. शंभराला नवानं भागून दाखवलं. गणित सरळव्याजाचं, पैसे मात्र चक्रवाढीचे. ९ वर्षांत दुप्पट म्हणजे खरा दर ८ टक्केच. गणितवाली ताईंचा ७२ चा नियम उलटा लावा, कुणीही फसवू शकणार नाही.

वर्धेकाठचा

दुप्पट म्हटलं की किसान विकास पत्र आठवतं. १९८८ मध्ये सुरू झालं तेव्हा साडेपाच वर्षांत दुप्पट व्हायचं. मधे २०११ ला बंद पडलं, २०१४ ला पुन्हा आलं तेव्हा १०० महिने. सध्या ७.५ टक्के आणि ११५ महिने. दर दिसायला अर्ध्याजवळ आला, पण मुदत जवळजवळ पावणेदोन पट झाली. आमच्या काकांनी सुरुवातीच्या काळात घेतलेल्या पत्रांवर दोन मुलींची लग्नं केली. आता कुणी तसा हिशेब धरून बसलं तर फसेल.

मोर्शीकर

मला पडलेला प्रश्न वेगळाच आहे. आपल्या कापसाचा भाव सरळ वाढतो की चक्रवाढीनं? लांब धाग्याचा हमीभाव २०१०-११ ला ३,००० होता, २०२४-२५ ला ७,५२१. चौदा वर्षांत दरसाल सरासरी ३२३ रुपये म्हणा किंवा पावणेसात टक्के म्हणा, दोन्ही हिशेब शेवटी तिथंच पोचतात. मग मधली वर्षं पाहिली. २०१३-१४ ला ४,००० होता. सरळ रेषेनं ३,९६९ यायला हवा, चक्रवाढीनं ३,६५० च्या आसपास. २०१८-१९ ला ५,४५०. सरळ रेषेनं ५,५८३, चक्रवाढीनं ५,०७० च्या आसपास. म्हणजे आपला भाव पायरी पायरीनं सरळ चढतो आणि खर्च मात्र टक्क्यांनी वाढतो. मरण तिथंच आहे.

संत्र्याची बाग

२०२१-२२ पण घ्या की. त्या वर्षी ६,०२५ होता. सरळ रेषेनं साडेसहा हजार यायला हवा होता, चक्रवाढीनं ६,१७५ च्या आसपास. म्हणजे तिथं तुमचा नियम मोडला. दोन वर्षं निवडून काही सिद्ध होत नाही. शिवाय हमीभाव सरकार ठरवतं, तो आपोआप वाढत नाही.

मोर्शीकर

मान्य. पण खर्चाचं बोललो ते मागे घेत नाही. महागाई ६ टक्के धरली तर १२ वर्षांत खर्च दुप्पट. मास्तरांच्या बाबांना वर्षाला येणारे ३५,००० बारा वर्षांनी आजच्या साडेसतरा हजारांचंच काम करतील. व्याज हातात घेणाऱ्यानं हे विसरू नये.

सोसायटीचा सचिव

इतका वेळ वाचत होतो. सगळे ठेवीच्या बाजूनं बोलताय. चक्रवाढ आपल्या भागात आली ती कर्जाच्या बाजूनं.

शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच टक्के. १०,००० घेतले आणि दर महिन्याला व्याज मुद्दलात धरलं तर वर्षानं १७,९५९ होतात, दोन वर्षांनी ३२,२५१. सरळ धरलं तर दोन वर्षांनी २२,०००. म्हणून जुन्या हिंदू कायद्यात दामदुपटीचा नियम होता: व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही, दहाचे वीस झाले की थांबलं. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यातही परवानाधारक सावकाराला मुद्दलाहून जास्त व्याज घेता येत नाही. चक्रवाढ किती घातक असते हे आपल्या पूर्वजांना चांगलं माहीत होतं, म्हणूनच त्यांनी तिला खुंट मारून ठेवला होता.

मास्तर, एक विचारतो. बाबांना पेरणीचे पैसे कुठून येतात? पीककर्ज मुदतीत भरलं तर पंजाबराव देशमुख योजनेत ३ लाखांपर्यंत व्याज शून्य पडतं. ते घेत असतील तर ठेव मुद्दलात वाढू द्या. पण कृषी केंद्रावर उधारी करत असतील तर हिशेबच बदलतो. रोखीचा भाव वेगळा, उधारीचा वेगळा, वरून माल निघाला की त्यालाच द्यायचा. तिथं जाणारा पैसा तुमच्या ७ टक्क्यांच्या कितीतरी पुढे असतो.

पऱ्हाटीवाला

सचिव सायेब लाखाचं बोलले. जूनमंधी खिशात पाच हजार असले त माणूस दुकानदाराले भाव ईचारते. नसले त दुकानदार माणसाले ईचारते का सातबारा कोनाच्या नावावर हाये.

धुऱ्यावरचा मास्तर

मंडळी, चार दिवस लिहिलं नाही. सचिव साहेबांनी विचारलेला प्रश्न मी बाबांना जेवताना विचारला. ते काही बोलले नाहीत. हात धुतले आणि माळ्यावरून एक वही काढून आणली. लाल कापडी पुठ्ठ्याची, एक कोपरा वाळवीनं खाल्लेला. बाबांचं अक्षर, उजवीकडे कललेलं, शाई तपकिरी पडलेली. एका पानावर एवढंच होतं:

मृग ९८. घेतले ६,०००. शेकडा ५.
मृग ९९. नवं-जुनं. ९,६००.
मृग २०००. नवं-जुनं. १५,३६०.
मृग २००१. नवं-जुनं. २४,५७६. जोडी दिली.

दर वर्षी जुनी चिठ्ठी फाडायची, व्याज मुद्दलात मिळवून नवी करायची. सरळव्याज असतं तर तीन वर्षांत १६,८०० झाले असते. दामदुपटीनं १२,००० वर थांबले असते. मी तेव्हा शाळेत होतो. आमची बैलजोडी गेली हे आठवतं. ती म्हातारी झाली म्हणून विकली, असं मला सांगितलं होतं.

बाबा म्हणाले, "तू मला ती वहीवर दाखवलीस ना, ती वाढ मी पाहिली आहे. मुद्दलात गेलेलं व्याज मला पुन्हा कधी दिसलं नाही."

मी वीस वर्षं मुलांना सूत्र शिकवतोय. मला शब्द सुचला नाही.

पेरणीचंही कळलं. सोसायटीचं कर्ज मागे एकदा थकलं तेव्हापासून त्यांनी तिकडे जाणंच सोडलंय. बियाणं, खत, पहिली फवारणी सगळं उधारीवर. यंदाची चिठ्ठी पाहिली तर रोखीच्या भावापेक्षा ४६ हजारांच्या मालावर साडेसात हजार जास्त लावलेत, जून ते डिसेंबर एवढ्याच मुदतीला.

गणितवाली

सहा महिन्यांत १६ टक्के. म्हणजे वर्षाचे ३२, तेही सरळ धरून. मास्तर, मी माझं आधीचं म्हणणं बदलते. बाबांनी काढलेलं व्याज ही उधारी भागवणार असेल, तर ते ७ टक्क्यांवर वाढण्यापेक्षा कितीतरी जास्त वाचवतं. हातात घेतलेलं व्याज पुढे कुठं जातं, हे आपण कुणीच आधी विचारलं नव्हतं. सचिव साहेबांनी विचारलं.

वर्धेकाठचा

मास्तर, मग बाबांच्या नावानं पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजना पाहा. साठीच्या वरच्यांना आहे, मुदत ५ वर्षं, सध्या ८.२ टक्के. व्याज मुद्दलात जातच नाही, तिमाहीला खात्यात पडतं. ३ लाखांवर तिमाहीला ६,१५० येतील. उरलेले २ लाख बँकेत मुद्दलात वाढू द्या, त्याला कुणी हात लावायचा नाही.

सोसायटीचा सचिव

आणि थकलेलं खातं किती आहे ते विचारून घ्या. रक्कम लहान असेल तर आधी तेच मिटवा, म्हणजे पुढच्या हंगामाला शून्य टक्क्याचं दार उघडेल. मोठं कर्ज समजून घाबरून बसलेली आणि प्रत्यक्षात वीस-पंचवीस हजार निघालेली माणसं मी पाहिली आहेत.

धुऱ्यावरचा मास्तर

विचारलं. २३,४०० निघाले. सोमवारी भरतोय.

काल बाबांना घेऊन पोस्टात गेलो होतो. ३ लाखांचा अर्ज भरला. बाबांनी खिडकीवरच्या बाईंना व्याजाचा दर विचारला नाही. "पैसे कोणत्या तारखेला पडतात?" एवढंच विचारलं. त्या म्हणाल्या, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या पहिल्या तारखेला. बाबांनी बोटांवर मोजलं. जुलैचे पेरणीला उशिरा येतील, पण एप्रिलचे मृगाच्या आधी हातात असतील, बियाण्यापुरते. डवरणीच्या मजुरीला जुलैचे.

उरलेल्या २ लाखांची ठेव मुद्दलात वाढवायची आहे. पंधरा वर्षांचं गणित मी काढलं, ७ टक्क्यांनी ५ लाख ५१ हजार. ती नातीच्या नावानं करू म्हणालो. बाबा हो म्हणाले, पण पावती त्या लाल वहीत ठेवायची नाही, एवढी एक अट घातली.

बेरारी शेळी

मास्तर, बाबांना माझा नमस्कार सांगा. आणि दावणीला जागा असेल तर एक पाटी माझ्याकडून घेऊन जा, पैसे नकोत.